पितळी बूच

१

घड्याळजी गेले ते स्वतःच्याच गाळ्यात, स्वतःच्याच मुलाच्या गाडीखाली. उतरत्या दुपारचं लख्ख ऊन होतं आणि घरातली सगळी माणसं जागी होती. इथपर्यंत कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो आवाजाचा.

"आवाज झालाच नाही," त्यांची बायको, ताई, म्हणाली.

ती शिवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. आता तो शर्ट कुणीच घालणार नव्हतं, तरी नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण ती लावत होती. समोर बसलेले मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, ऐकत होते. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर बहिणीच्या घरी आपल्याला हेच काम करावं लागेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"स्वयंपाकघराची खिडकी गल्लीवरच आहे," ताई सांगत होती. "ती मेली गाडी वळणावर आली की मांडणीवरची भांडी थरथरतात. मग मी चहा टाकते. त्या दिवशी चहा टाकलाच नव्हता, कारण काही ऐकूच आलं नाही. एकदम पोराची किंकाळी आली. आणि हा सगळ्यांना सांगतोय, गाडीचा आवाज नेहमीसारखाच होता, बाबांना ऐकू गेलं असणार!"

"त्याला तसं वाटलं असेल, ताई."

"वाटलं असेल? त्याचा अर्थ काय होतो ते बघ ना. बाबांना ऐकू आलं, तरी ते हलले नाहीत. म्हणजे चूक त्यांची!" सुई तिच्या बोटात घुसली. तिने बोट चोखलं आणि पुढे बोलली. "अपघात मी गिळीन रे. पोटचा पोर आहे माझा. पण गेलेल्या बापावर ढकलायचं, हे नाही गिळवत. तू जन्मभर हेच काम केलंस. मला एवढंच सांग, तो खोटं बोलतोय की नाही. बोलत असेल तर त्याने या घरात राहायला नको."

शेजारच्या खोलीत भाच्याची बॅग भरून तयार होती. दार अर्धवट उघडं होतं, तेव्हा त्याने हे ऐकलं नसेल असं समजायला काही जागा नव्हती.

ताईने बटणासाठी डबा ढवळला. बटणांमध्ये काहीतरी चमकलं. गव्हाच्या दाण्याएवढं, एका टोकाला निमुळतं, पितळेचं.

"हे काय?"

"त्यांच्या घड्याळातलं असेल काहीतरी. पोलिसांनी गाडीतलं सामान परत दिलं, त्यात एका पुडीत होतं. टाकवेना मला."

मामांनी मान डोलावली आणि ते उठले. त्यांच्या डोक्यात तेव्हा गाडी होती, डबा नव्हता.

२

भाच्याला गल्लीत 'भोंगा' म्हणत. गाडीच्या आवाजावरूनच ते नाव पडलं होतं आणि त्यात कौतुक अजिबात नव्हतं. एरवी हा मुलगा इतका हळू बोलायचा की दुकानदार त्याला दोनदा विचारायचे.

गाळ्यात गाडी उभी होती. कोपऱ्यात घड्याळजींचं छोटं टेबल, त्यावर भिंग, चिमटे आणि धातू कातायचं, मुठीत मावेल एवढं लेथ. मामांनी तिकडे फार वेळ पाहिलं नाही.

"आवाज एवढा कशाला हवा होता रे तुला?"

भाचा गाडीच्या मागे उकिडवा बसला. "मामा, या गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक झडप असते. पाइपच्या आत, नाण्यासारखी गोल चकती. गाडी हळू चालली असेल तेव्हा ती मिटते, मग धूर लांबच्या वाटेने जातो आणि आवाज दबतो. गाडी जोरात पळवली की झडप उघडते. एक बारीक रबरी नळी तिला मिटवते, इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर. ती नळी मी काढली आणि तिच्या तोंडाला बूच लावलं. मग झडप कायम उघडी राहते. गल्लीत शिरतानासुद्धा गाडी गुरगुरते."

"शौक म्हणून?"

त्याने पाइपाच्या तोंडावरून बोट फिरवलं. "बाबांसाठी."

"भावोजींसाठी?"

"त्यांना दिसत नव्हतं, मामा. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून दुकान बंद केलं, असं ते आईला सांगायचे. खरं तर समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं काहीच नाही. आईला सांगायचं नाही, असं वचन घेतलं होतं माझ्याकडून. एकदा गल्लीत माझ्याच गाडीपुढे आले, थोडक्यात वाचले. तेव्हा आम्ही दोघांनी ही युक्ती काढली. बूचसुद्धा त्यांनीच कातून दिलं, हाताने चाचपत. आवाज आला की ते गाळ्याचं शटर वर करायचे आणि डाव्या भिंतीला चिकटून उभे राहायचे. शटर उघडं दिसलं की मी समजायचो, बाबांनी ऐकलं, बाजूला झाले. मग सरळ आत."

"आणि त्या दिवशी?"

"शटर उघडं होतं. बाहेर ऊन, आत काळोख. बाबा टेबलापाशी काम करत होते, म्हणून शटर आधीपासूनच उघडं होतं. बारीक स्क्रू पडला असणार. ते जमिनीवर गुडघे टेकून चाचपत होते. पण आवाज होता, मामा! मी गाडीत बसलो होतो, मला ऐकू येत होता. त्यांना कसा आला नाही?"

मामांचे गुडघे गाडीखाली जाण्यातले राहिले नव्हते. त्यांनी हातातली बॅटरी लावून मागून पाइपात डोकावलं. आत चकतीची नुसती धार दिसत होती आणि पाइप आरपार मोकळा. झडप उघडी.

म्हणजे गाडी गरजलीच असणार. भाचा खरं बोलत होता, आणि मग बहिणीचे कान खोटं बोलत होते. मामांना हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. हे आता ताईला कोणत्या तोंडाने सांगायचं?

३

वरच्या मजल्यावर नर्सबाई राहायच्या. रात्रपाळी करून दिवसा झोपायच्या, आणि भोंग्याशी त्यांचं हाडवैर होतं. "एक दिवस त्या गाडीच्या तोंडात बोळाच कोंबते," असं त्या जिन्यात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या. मामांनी बेल वाजवली तेव्हा दार उघडायच्या आधीच त्या बोलू लागल्या.

"मी गाडीला हात लावलेला नाही. तेच विचारायला आलात ना?"

"नाही हो. त्या दिवशी आवाज किती होता, एवढंच विचारायचं होतं."

नर्सबाईंनी त्यांना आत घेतलं. खिडकीला जाड पडदे होते, फटीत कापसाच्या पट्ट्या कोंबलेल्या. झोपेसाठी या बाईने काय काय केलं होतं ते त्या खोलीवरून दिसत होतं.

"आवाज?" त्या खुर्चीत बसल्या. "मामा, ती गाडी आली की मी रोज दचकून उठते. पडदा नाही, कापूस नाही, कशाचा म्हणून उपयोग होत नाही. त्या दिवशी मी उठलेच नाही. डोळे उघडले ते मुलाच्या ओरडण्याने. आणि खरं सांगू? जाग येताना पहिला विचार काय आला माहीत आहे? आज किती छान झोप लागली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी नर्स आहे हो. खाली धावले, पण करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं."

मामा जिना उतरताना एकेका पायरीवर थांबत होते. दोन बायका, दोन वेगळ्या खिडक्या, आणि दोघींचं म्हणणं एक. चहा टाकला गेला नव्हता आणि झोप मोडली नव्हती. माणसं खोटं बोलतात, पण न टाकलेला चहा कशाला खोटं बोलेल? आणि तरी झडप उघडी होती. ती तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

शेवटच्या पायरीवर ते मटकन बसले. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, आणि तो बराच जोरात लागला.

४

"गाडी चालू कर," त्यांनी भाच्याला हाक मारली. "मी मागे आहे. गाडी हलवू नकोस, फक्त चालू कर."

आयुष्यभर मामांनी मेलेल्या गाड्या पाहिल्या होत्या. चेपलेल्या, जळलेल्या, पाण्यातून काढलेल्या. त्यांच्या धंद्यात गाडी चालू करून बघायची कुणाला सवयच नव्हती. चालू व्हायला ती शिल्लक तर हवी! त्याच सवयीने त्यांनी बंद गाडीच्या पाइपात डोकावलं होतं. नळी इंजिनाच्या ओढीवर झडप मिटवते असं भाच्याने सांगितलं होतं. इंजिन बंद म्हणजे ओढ नाही, आणि ओढ नाही म्हणजे झडपेची स्प्रिंग तिला उघडंच ठेवणार. नळी काढलेली असो वा जागेवर असो, बंद गाडीत झडप उघडीच दिसते. त्यांनी जे पाहिलं त्याला काडीचाही अर्थ नव्हता.

इंजिन चालू झालं. पाइपात टक् झालं आणि बॅटरीच्या उजेडात ती चकती वळून मिटली.

"बघ इकडे येऊन."

भाच्याने पाइपात पाहिलं, मग तो पाठीवर झोपून गाडीखाली शिरला. तो घाईने बाहेर आला.

"नळी जागेवर आहे. बूच नाही. मामा, मी नाही लावली! शप्पथ!"

"मग गाडी त्या दिवशी गप्पच होती. आई बरोबर होती तुझी."

"नाही!" इतक्या मोठ्याने बोलताना मामांनी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "आवाज होता! तुम्ही बसा आत. बसा ना!"

मामा आत बसले. भाच्याने शेजारी बसून काचा वर केल्या आणि ॲक्सिलरेटरवर हलकेच पाय दाबला. गाडी गुरगुरली. खोल, भरीव, छातीत घुमणारा आवाज. आणि झडप मिटलेली तर मामांनी आत्ताच पाहिली होती.

५

"ताई, खिडकीत उभी राहा," मामांनी खालून सांगितलं. "गाडीचा आवाज आला की हात वर कर. एवढंच."

ताईला ते आवडलं नाही, पण ती उभी राहिली. भाच्याने गाडी वळणापर्यंत नेली आणि हळूहळू आणली, अगदी त्या दिवशीसारखी. मामा आत बसून होते. गुरगुर कानात भरली होती. खिडकीतला हात खालीच होता.

पुन्हा आणली, पुन्हा तेच. शेवटी मुंगीच्या पावलाने चाललेल्या गाडीचं दार उघडून मामा गल्लीत उतरले, दार लोटलं, आणि आवाज गेला. म्हणजे गाडी पुढे चालली होती, टायरांखाली खडी कुरकुरत होती, पण ती गुरगुर कुठेच नव्हती. त्यांनी हात करून गाडी थांबवली आणि ते पुन्हा आत बसले. गुरगुर पुन्हा सुरू.

मामांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, मग दारावर. दाराच्या जाळीखाली बोटांना थरथर लागली.

"स्पीकर," ते म्हणाले. "अरे, हा आवाज पाइपातून येतच नाही. कंपनीने आत बसवलाय, चालवणाऱ्याला जोरदार वाटावं म्हणून! बाहेरच्या माणसाला यातलं काही ऐकू जात नाही. आजवर आतला आणि बाहेरचा आवाज एकात एक मिसळून यायचा, म्हणून तुला वेगळा कळला नाही."

भाच्याने स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकलं. "जरा दबका वाटला होता. त्याच दिवशी गाडी वर्कशॉपमधून आली होती, मला वाटलं, सर्व्हिसिंग चांगलं झालंय."

ताई खाली आली होती. मामांनी तिला सगळं सांगितलं, भावोजींच्या डोळ्यांचंसुद्धा. आता कसलं वचन पाळायचं होतं?  मग गाडीचं दार उघडून तिने मुलाचं डोकं पोटाशी घेतलं.

"तू खरं बोलत होतास. आणि मी तुला काय काय बोलले रे."

मामांना वाटलं, झालं. आपलं काम संपलं. या घरात आता रडणं राहिलं, पण निदान एकत्र रडणं.

ताईने मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "ती नळी लावली कुणी?"

"ताई, राहू दे आता."

"का राहू दे? यांचे डोळे होता तो आवाज. कुणीतरी ते फोडले. कोण ते शोध तू. कुणी का असेना, मी त्याला जन्मात माफ करणार नाही."

मामांच्या डोळ्यांपुढे नर्सबाई आल्या आणि गेल्या. रागाने हात घालणारा नळी तोडतो, नीट जागेवर बसवत नाही. आणि बूच फेकून देतो. पुडीत घालून गाडीत ठेवत नाही.

पुडीत! मामांना शिवणाचा डबा आठवला.

६

वर्कशॉपच्या फोरमनने हात पुसत पुसतच सांगितलं. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"वार्षिक तपासणीला पाठवायची होती ना गाडी? आवाजावर नापास होते. म्हणून नळी जागेवर बसवतो आम्ही, सगळ्यांचीच. पास झाली की ज्याला हवी तो येऊन पुन्हा काढून घेतो. काढलेली वस्तू पुडीत घालून गाडीत ठेवायची, गिऱ्हाइकाची असते ती. गाडी तुमच्या कारखान्याच्या फाटकावर पोचवली, किल्ली वॉचमनकडे दिली."

"मला विचारलं नाहीत," भाचा म्हणाला.

"तुमचा फोन बंद होता."

तो दिवसभर कारखान्यात कामावर असायचा, आणि तिथे फोन आत नेता येत नसे.

"विचारल्याशिवाय आम्ही हात लावत नाही, साहेब. घरचा नंबर होता, त्यावर केला. बाई होत्या. म्हटलं, मूळ होतं तसं करू का सगळं? त्या म्हणाल्या, हो हो, जसं असायला हवं तसं करा."

 परतताना गाडी आतल्या आत गुरगुरत होती, आणि ती गुरगुर कशी बंद करायची हे दोघांनाही माहीत नव्हतं. वळणाच्या आधी भाच्याने गाडी थांबवली.

"मामा, आईला सांगू नका. तिचा काय दोष? तिला डोळ्यांचं माहीत नव्हतं, आवाज कशासाठी ते माहीत नव्हतं. आम्हीच सांगितलं नाही."

मामांनी शेकडो अपघातांची कारणं एकेका ओळीत लिहिली होती. या वेळी कारण असं होतं, की एका नवऱ्याला बायकोला काळजीत टाकायचं नव्हतं, एका मुलाने वचन पाळलं, फोरमनने विचारून काम केलं आणि एका बाईने विश्वासाने हो म्हटलं. यात बोट कुणाकडे दाखवायचं? 

ताई ओट्याशी उभी होती. "कोण?"

"मीच," भाचा पटकन म्हणाला. "मीच सांगितलं होतं वर्कशॉपला. तपासणीसाठी. विसरून गेलो होतो."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. मामा जमिनीकडे.

"आत्ता खोटं बोलतोयस तू," ती हळूच म्हणाली. "कान लाल झालेत. त्या दिवशी नव्हते झाले. तेव्हाच बघायला हवं होतं मी." ती स्टुलावर बसली. "एवढं खोटं तू कुणासाठी बोलशील? मामासाठी नाही. शेजाऱ्यांसाठी तर नाहीच."

तिची नजर फोनकडे गेली.

"फोन आला होता," ताई म्हणाली. "माझे हात ओले होते. तो काहीतरी विचारत होता आणि मला ठेवायची घाई होती. मी म्हटलं..."

  तिनेच मागितलेलं उत्तर तिला मिळालं होतं, आणि ते परत घेण्याची कुठे सोय नव्हती. भाचा तिच्या पायांशी बसला. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली, पण बघत होती भिंतीकडे.

मग तिने शिवणाचा डबा ओढला, बटणांमधून ते बूच काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

"लाव परत."

"आई, आता कशाला?"

"लाव."

भाचा गाडीखाली शिरला. मामा गल्लीत बॅटरी धरून उभे राहिले. नळी निघाली, बूच बसलं, घड्याळजींनी चाचपत कातलेलं, तरी केसभरही इकडेतिकडे नव्हतं. इंजिन चालू झालं आणि सगळी गल्ली दणाणली. वरच्या मजल्यावरचा पडदा हलला, पण आज तिथून कुणी ओरडलं नाही. स्वयंपाकघरात भांडी थरथरली असणार.

मामांनी वर पाहिलं. ताई खिडकीत उभी होती, आणि त्यांनी तेव्हा सांगितलं होतं तसा तिने हात वर केला होता.

भाच्याने गाडी बंद केली. गल्ली शांत झाली. तरी तिचा हात वरच होता.